मालिकेतली सून आणि आपल्या घरातली सून : तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ

काल संध्याकाळी गवार मोडत बसले होते. शेजारच्या घरातून 'क्योंकि सास भी कभी बहू थी'चं ते संगीत ऐकू आलं. २०२५च्या जुलैत मालिका पुन्हा सुरू झाल्याचं माहीत होतं, पण कानावर पहिल्यांदाच पडलं. हात थांबले आणि मी थेट २००१ सालातल्या आमच्या माजघरात जाऊन पोचले.

लग्नाला तीन महिने झाले होते. रात्री साडेदहाच्या आत ओटा पुसून, विरजण लावून सासूबाईंच्या मागे येऊन बसायचं. त्या पडद्याकडे बघायच्या आणि मधेच मान वळवून माझ्याकडे. "बघ, एवढं मोठं घर कशी धरून आहे ती. उलट बोलते का कुणाला?" मालिकेतल्या सुनेनं, तुलसीनं रात्री काय सोसलं, त्यावर माझा दुसरा दिवस ठरायचा.

मला कोल्हापुरात बी.एड.ला प्रवेश मिळाला होता. आमच्या गल्लीतली दोन मुलं रोज सांगलीहून एसटीनं जाऊन-येऊन करायची, तसंच मीही केलं असतं. जेवताना विषय काढला. सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला, डावा हात छातीवर नेला आणि म्हणाल्या, "माझं काय, तुम्ही तुमचं बघा. मी आता आहे किती दिवसांची." मामंजींनी पंखा वाढवला, हे पाणी आणायला धावले, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ईसीजी काढला, तो साफ होता. प्रवेशाची मुदत त्याच आठवड्यात संपली. ते पत्र मी गव्हाच्या डब्याखाली घालून ठेवलं.

त्या वाईट नव्हत्या हो. माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस त्यांनी मला गार पाण्यात हात घालू दिला नाही. दिवसभर घरात एकटं पडायची त्यांना भीती वाटली असणार, आता कळतं. पण "तू गेलीस की मला करमणार नाही गं" असं सरळ म्हणणारी सासू त्यांनी पडद्यावर एकदाही पाहिली नव्हती. तिथं मन मोकळं करायची एकच रीत होती, छातीवर हात.

तुमच्या घरात मालिकांमधून काय काय आलं? जमेल तसं लिहा.

रानजाई

गव्हाचा डबा वाचून पोटात कालवलं. सविस्तर रात्री लिहिते, कुकरच्या दोन शिट्ट्या बाकी आहेत.

उंबरफूल

आमच्याकडे फरशी.

पाचव्या महिन्यात माझं बाळ गेलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की वाढच थांबली होती, यात कुणाचा दोष नाही. घरी आल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "त्या दिवशी फरशी कोणी पुसली होती?" पुसली होती जाऊबाईंनी. तेव्हा रात्रीच्या मालिकेत गरोदर सून तेलावरून घसरली होती आणि तेल सांडणारी तिची जाऊच होती. मी कुठं घसरलेही नव्हते! तरी प्रश्न आला, आणि खरं सांगते, मीसुद्धा चार दिवस तिच्याकडे त्याच नजरेनं बघितलं. ती रोज माझ्या उशाशी खजूर-तुपाची वाटी आणून ठेवत होती. मी हात लावला नाही. तिनं वाटी उचलताना एकदा नुसतं माझ्याकडे पाहिलं.

वर्षाच्या आत दीर-जाऊ वेगळे झाले. १४ वर्षं झाली. परवा तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, कुरिअरनं.

रानजाई

उंबरफूल, जा लग्नाला. पत्रिका आली म्हणजे दार लोटलेलं आहे, कडी नाही लावलेली.

सोनचाफा

आणि त्याआधी फोन कर. लग्नात गर्दीत बोलता येत नाही.

वऱ्हाडातला

मी पुरुष आहे, पण लिहितो. आमच्या घरी 'आई कुठे काय करते' सगळे मिळून पाहत होतो. नाव प्रश्नासारखं होतं, आमच्या पोरानं ते उत्तरासारखं वापरणं सुरू केलं. भाजीत मीठ कमी, आई कुठे काय करते. डबा राहिला, आई कुठे काय करते. आम्ही हसायचो, तीबी हसायची.

मग शाळेचा फॉर्म भरून राहिलो होतो. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी आडवी रेघ मारली. ती समोरच बसून मूगवड्यांची ऑर्डर बांधत होती. दर उन्हाळ्यात ती चाळीस-पन्नास किलो वड्या-पापड विकते, पोराची फी त्यातूनच जाते. तिनं रेघ पाहिली, वड्या मोजायची थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

मालिकेतल्या आईचं, अरुंधतीचं दुःख पाहून माझे डोळे भरून यायचे. तिच्या नवऱ्याला, अनिरुद्धला शिव्या घालायचो मी. फॉर्म दुसरा आणला, पण ती रेघ अजून दिसते.

सोनचाफा

दादा, हे तिला सांगितलंत का कधी? आम्हाला सांगून काय उपयोग.

वऱ्हाडातला

नाही. आज सांगतो.

चारमिनार_परिसर

मालिका वाईट नव्हत्या कायम. १९९९मध्ये 'आभाळमाया' लागायची, तेव्हाच्या अल्फा मराठीवर. सुधा जोशी शिकवायला जायची, घरही बघायची, आणि नवरा चुकला तर त्याच्या तोंडावर बोलायची. आमची आई हैदराबादेत शाळेत शिकवायची. सुधाला पाहताना तिची पाठ ताठ व्हायची. त्याच्याही आधी दूरदर्शनवर 'रजनी', 'उडान'. उडानमधली मुलगी पोलीस अधिकारी होते, आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना तेव्हा पोलीस व्हायचं होतं.

मग २००० नंतर काय झालं? सगळ्या बायका रात्रीसुद्धा भरजरी साड्या नेसून जिना उतरायला लागल्या.

कोकमसरबत

सुधा झालेल्या सुकन्या कुलकर्णींच्या साध्या साड्या! मी तशीच एक निळी नारायणपेठ घेतली होती पहिल्या पगारातून. अजून आहे. काठ विरलाय.

चारमिनार_परिसर

नारायणपेठ आमच्याकडची बरं का :) काठ बदलून मिळतो, टाकू नका.

पडद्यामागची

मी सहा वर्षं मालिकांच्या सेटवर काम केलंय, म्हणून सांगते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. नायिकेनं सासऱ्याला उलट उत्तर दिलं आणि आकडा खाली आला, की शुक्रवारी ट्रॅक बदलतो. पुढच्या आठवड्यात ती माफी मागते, देवघरासमोर रडते. एका लेखिकेनं सून माहेरी निघून जाते असा सीन लिहिला होता. वरून निरोप आला, "तिला दारातून परत आणा, मंगळसूत्र हातात धरू दे." तो सीन करताना कलाकार मुलगी खरंच रडली, कारण तिचा स्वतःचा घटस्फोट चालू होता. दिग्दर्शकानं टेक ओके केला, सगळे जेवायला गेले. ती मेकअप रूममध्ये बसून होती. मी तिला ताक नेऊन दिलं, त्यापुढं काही सुचलं नाही.

लिहिणाऱ्यांत बायकाही असतात. त्यांना सगळं कळतं. पण रोज एक भाग द्यायचाच असतो.

सोनचाफा

घोडबंदरला का सेट? आमच्या सोसायटीमागेच एक बंगला आहे, रात्री दोनपर्यंत लाईट चालू.

पडद्यामागची

हो, त्या बाजूलाच. एवढंच सांगते.

रानजाई

आले. झाकपाक झाली.

मूळ 'क्योंकि'मधला तो भाग कुणाला आठवतो का, तुलसी स्वतःच्या मुलाला, अंशला गोळी घालते? त्यानं बायकोवर, नंदिनीवर जबरदस्ती केलेली असते. लग्नातही बळजबरी हा गुन्हाच, असं टीव्हीवर मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. आमच्या चाळीत दुसऱ्या दिवशी नळावर हीच चर्चा. "आईच्या हातनं पोर गेलं गं," म्हणून सगळ्या हळहळत होत्या. नंदिनीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. मी काढणार होते. माझ्या हातात कळशी होती आणि दंडावर आदल्या रात्रीचा वळ होता, तो पदराखाली नीट झाकलाय ना ते बघत राहिले.

आता मी एकटी राहते, सुखात आहे. काळजी करू नका.

उंबरफूल

रानजाई 🙏 मला लग्नाला जा म्हणणारी तू. मिठी.

माडाखाली

फोंड्याहून. आमची आई ४६ व्या वर्षी एकटी झाली. हळदीकुंकवाला शेजारणी यायच्या, मला ओटी, आईला "तुम्ही बसा आत". २०१९मध्ये 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली, त्यात सूनच सासूचं लग्न लावते. आई म्हणायची, "शी, लोक काय म्हणतील." पण रोज बघायची. एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर टीव्ही म्यूट आणि आई आरशासमोर उभी, कपाळावर माझी मरून टिकली. मला पाहून तिनं पटकन काढली. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी टिकल्यांचं पाकीट तिच्या कंगव्याशेजारी ठेवलं. आता ती लावते, बाजारात जातानाही.

मालिकेनं घेतलंही आणि दिलंही, एवढंच सांगायचं होतं.

कोकमसरबत

माडाखाली 😭❤️

पहिलापाऊस

इथं सगळे मालिकांना नावं ठेवतायत म्हणून आजीची बाजू मांडते. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शूटिंग बंद पडलं, जुने भाग लागायला लागले. माझी आजी संध्याकाळी सात वाजले की तयार होऊन खुर्चीत बसायची, तोच भाग पुन्हा बघून उठायची. एकदा म्हणाली, "माझी माणसं अडकली गं कुठंतरी." दिवसभर तिच्याशी कोण बोलतं? मी कॉलेजच्या मीटिंगमध्ये, बाबा फोनवर. तिचा रिमोट काढून घेण्याआधी तिच्याशेजारी बसा. मी बसायला लागले. खलनायिका आली की आम्ही दोघी मिळून बोटं मोडायचो. मग जाहिरातीत ती तिच्या सासूबद्दल बोलायची. तिच्या सासूनं तिला दुसऱ्या बाळंतपणानंतर भाताऐवजी पेज दिली होती, मुलगी झाली म्हणून. ती मुलगी म्हणजे माझी आत्या.

हळदउटणं

@कृष्णाकाठ सांगलीत कुठं तुम्ही? मी विश्रामबागची.

कृष्णाकाठ

गावभागात, गणपती मंदिराजवळ. आता मुलीकडे पुण्यात असते.

सगळ्यांचं वाचतेय, डबे भरताना मधे मधे. उंबरफूल, तुझी वाटी डोळ्यासमोरून जात नाही. रानजाई, तुला रात्री वेगळं लिहिते.

हळदउटणं

काकू, बी.एड. झालं का हो शेवटी?

कृष्णाकाठ

झालं गं. मुलगी चौथीत होती तेव्हा, सांगलीतच. सासूबाई तोवर थकल्या होत्या. पहिल्या दिवशी निघताना त्यांनी हाक मारली, मला वाटलं आता पुन्हा छातीवर हात. त्यांनी उशीखालून पन्नासची नोट काढून दिली आणि म्हणाल्या, "रिक्षानं जा, ऊन आहे. आणि चारपर्यंत ये, मला करमत नाही."

चारला पोचायचे मी.