अनुभव धागा: बाईकवर गाणी, नकाशा आणि ती घुंईंऽऽ

माझी सेकंडहँड टूरर आहे, म्हणजे लांब पल्ल्याची बाईक. फेअरिंगमध्ये (पुढच्या प्लास्टिकच्या कवचात) दोन स्पीकर, जुना रेडिओ आणि एक ऑक्सचं भोक, म्हणजे बाहेरून गाणी आत घ्यायची पिन लावायची जागा. फोन वायरने जोडला की गाणी झकास. पण बॅटरी उतरायला लागली म्हणून हँडलच्या यूएसबीवर चार्जिंगला लावला, की स्पीकरमधून घुंईंऽऽ. रेस वाढवली की आवाज वर चढतो, सोडली की खाली. ठाण्यात घोडबंदर रोडला वाघबीळपासून गायमुखपर्यंत मी गाणी कमी आणि स्वतःचा आल्टरनेटरच (गाडीचा वीज बनवणारा भाग) जास्त ऐकला.

दोन वायरमननी स्पीकर बदलायला सांगितले. बदलले. घुंई तशीच, फक्त आता जास्त स्पष्ट! शेवटी स्वतःच बसलो. चार्जर काढला, आवाज बंद. चार्जर ठेवून ऑक्स काढली, तरी बंद. दोन्ही लावलं की सुरू. म्हणजे दोष कुठल्याच वस्तूत नव्हता. चार्जरची अर्थ (गाडीच्या बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर) एका जागी, रेडिओची दुसऱ्या जागी, आणि फोन मधे पूल झालेला. गाडीच्या करंटमधली थरथर ऑक्सच्या वायरमधून फिरत होती.

ऑक्सच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर टाकला. आगपेटीएवढी डबी, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर. गाणं पलीकडे जातं, पण तारेची थेट जोड तुटते. घुंई गेली. तबल्याचा बायाँ जरा बसका वाटतो, एवढं चालतं.

तुम्ही काय काय जोडलंत, काय फसलं, ते लिहा. चुका आधी.

नेरुळचा बुलेटवाला
स्पीकरबिकर नाही, हेल्मेटमध्ये ब्लूटूथ. पाम बीच रोडवर साठच्या वर गेलं की वाऱ्यापुढे काही ऐकू यायचं नाही, म्हणून आवाज फुल. घरी आल्यावर कानात शिट्टी. मग आरशापुढे हेल्मेट घालून बोटाने चाचपलं, तर स्पीकर कानाच्या पाळीमागे बसलेला! वेल्क्रो उचकटून अर्धा इंच पुढे घेतला, मागे स्पंजचा तुकडा घातला. आता निम्म्या आवाजात भागतं. नवीन संच घ्यायच्या आधी हे करून बघा.

दुसरं म्हणजे, गाणी बंद असली की हेल्मेटचं यंत्र डुलक्या काढतं आणि नकाशातल्या बाईंचे पहिले शब्द गिळतं. ‘दोनशे मीटरवर’ गायब, नुसतं ‘उजवीकडे वळा’. मी वळतो! उपाय: गाणं अगदी बारीक चालू ठेवायचं.

कळव्याहून
सिंगल सिलिंडरच्या हँडलला चांगला फोन लावू नका. माझा कॅमेरा थरथरून गेला, फोटो सगळे धुकट. ॲपलने 2021 मध्ये हाच इशारा दिला होता, मी नंतर वाचला. आता नकाशाला जुना फोन.

खारघरची स्कूटरवाली
मी गाणी लावतच नाही, फक्त नकाशा, तोही एका कानात. माजिवड्याला पुलावर आहोत की पुलाखाली, हे त्याला कळत नाही. तिथे मी त्याचं ऐकणं सोडून पाट्या वाचते.

फजिती सांगते. उलव्याहून शिवडीला निघाले होते, नकाशा मोटारीच्या मोडवर राहिलेला. बाई मला ठामपणे अटल सेतूवर चढवत होत्या. दुचाकीला तिथे बंदी! रॅम्पच्या तोंडाशी पोलीसदादा म्हणाले, “ताई, रोज दहाजण येतात असे.” वळून वाशीमार्गे गेले. निघण्याआधी दुचाकीचं चित्र दाबलंय ना, तेवढं बघा.

बेलापूर, दादाची गोल्डविंग
होंडाची मोठी टूरर ती. 2018 च्या मॉडेलपासून कारप्ले (आयफोनची ॲप्स गाडीच्या स्क्रीनवर) आहे, पण हेडसेट जोडल्याशिवाय ते उघडतच नाही. दादाने पहिल्या दिवशी तीन केबली बदलल्या. केबल बिचारी ठीक होती, हेल्मेट घरी चार्जिंगला होतं.

धागाकर्ता
@बेलापूर, हसलो. दादांना सांगू नका.

ऐरोलीकर
माझी चूक: यूएसबी थेट बॅटरीला जोडली. पावसात गाडी पंधरा दिवस उभी, बॅटरी ठणठण. आता चावीवरून रिले (चावी फिरवली तरच करंट सोडणारा स्विच), मधे फ्यूज. फ्यूज बॅटरीजवळच हवा. पुढे कुठेतरी लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा उपयोग शून्य.

घुंईबद्दल: मी आयसोलेटर न घेता ऑक्सला ब्लूटूथ रिसीव्हर लावला. हुशारी अशी की त्याला करंट गाडीच्याच यूएसबीतून. घुंई परत हजर! रिसीव्हर स्वतःच्या बॅटरीवर चालवला तेव्हा शांत झाला. पण दर दोन दिवसांनी चार्ज करा, वैताग आहे.

धागाकर्ता
बरोबर, पूल परत बांधलात की. आधी दोन्ही अर्थ एकाच बोल्टला घेऊन बघा. माझा सीटखालचा बोल्ट रंगावरच कसलेला होता, पॉलिश पेपरने घासला तेव्हा आवाज बराच उतरला. उरलेला आयसोलेटरने मारला. माझ्याकडे एक जास्तीची डबी आहे. रविवारी सकाळी सातला उपवन तलावापाशी असतो, चार्जर आणि ऑक्सची वायर घेऊन या, लावून बघू.

ऐरोलीकर
येतो. पाऊस नसला तर.