मतदान नेमकं कशावर?
"प्रत्येक गोष्टीवर मतदान घेत बसलो तर काम कधी करायचं?" हा कामगारांच्या मालकीच्या संस्थांवरचा आक्षेप रास्त आहे, पण अशा मोठ्या संस्था तसं करतच नाहीत. स्पेनमधला माँद्रागोन हा कामगारांच्या सहकारी संस्थांचा समूह बघा, १९५६ पासून चालू आहे. एक सभासद, एक मत. सर्वसाधारण सभा नियामक मंडळ निवडते, मंडळ व्यवस्थापक नेमतं, रोजचे निर्णय तो घेतो.

खरी गोम ताळेबंदात आहे. तो वाचता येणारे चारच जण असले की बाकीचे नुसते हात वर करतात. सभेच्या आदल्या रात्री आकडे वाटणं तर शुद्ध धूळफेक! (आणि हो, गुप्त मतदान हवंच. मुकादम समोर बसलेला असताना विरोधात हात कोण वर करणार?)