टँकरच्या वर्गणीवरून निघालेला विषय

सचिव (बी-३०१): नमस्कार. या महिन्याच्या मेन्टेनन्समध्ये टँकरचे पैसे वेगळे लावलेत. बिलांचे फोटो वर टाकलेत, ते बघूनच फोन करा. बोअर आता सकाळी थोडा वेळच पाणी देतोय, पुढं फक्त हवा.

ए-१०२ काकू: भाऊ, पैशाला ना नाही. पण आमच्या खिडकीखालच्या नाळीत दिवसभर पाण्याची धार चालू असते. वरच्या सगळ्यांच्या आरओच्या (पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या) नळ्या तिथंच सोडल्यात. टँकर मागवायचा अन् नाळीत सोडायचा, हे काय शहाणपण?

बी-२०४: काकू बरोबर बोलल्या. घरचा साधा आरओ एक लिटर पाणी देताना जवळपास तीन लिटर बाहेर टाकतो. पिण्या-स्वयंपाकाला १५ लिटर धरले तर ४५ लिटर नाळीत. आपली २४ घरं, म्हणजे रोज हजार लिटरच्या वर.

ए-३०३ ताई: बाप रे.

सी-१०१ काका: २०१६ विसरलेत सगळे. आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी होती. लेकरांना परातीत बसवून आंघोळ घालायचो अन् तेच पाणी संडासात. आता मांजरा धरण भरलं की झालं, नळ मोकळे सोडायलेत लोक.

सी-३०२ वहिनी: काका, त्या उन्हाळ्यात आमच्याकडं पाहुणे आले की पाणी विचारायलाच भ्या वाटायचं 😀

ए-३०३ ताई: मी आरओचं पाणी वाया नाही जाऊ देत. बादलीत धरते अन् कुंड्यांना घालते.

बी-२०४: ताई, तेवढं कुंड्यांना नका घालू. आरओ क्षार नष्ट करत नाही, ते सगळे त्या तीन लिटरात ढकलतो. बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागं विरघळलेले क्षार, १२०० मिलिग्रॅम असेल तर नळीतलं पाणी १६०० च्या आसपास जातं. कुंडीत पाणी उडून जातं, क्षार मातीत राहतात. वर पांढरा थर दिसतो ना, तोच.

ए-३०३ ताई: हाव की! मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्यात. मी उन्हाला दोष द्यायले होते.

बी-२०४: ऊनही असेल. पण आठवडाभर डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घालून बघा.

ए-१०२ काकू: मग त्या पाण्याचं करावं तरी काय?

बी-२०४: फरशी पुसायला, संडासात टाकायला, खरकटी भांडी पहिल्यांदा विसळायला. कपड्यांना नको, साबणाला फेस येत नाही. गाडीवर डाग पडतात. सिंकखाली झाकणाचा डबा ठेवून नळी त्यात सोडायची, एवढंच काम आहे.

सी-२०२: त्यापेक्षा आरओच बंद करा की. नगरपालिकेच्या पाण्याला कशाला पाहिजे आरओ?

सचिव (बी-३०१): आता महानगरपालिका आहे साहेब.

सी-२०२: बरं, महानगरपालिका. उत्तर द्या.

बी-२०४: पाणी कुठलं त्यावर आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले धरतात, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत. नळाचं पाणी पाचशेच्या आत असेल तर आरओची गरज नाही, गाळून उकळलं किंवा यूव्ही (जंतू मारणारा दिवा) असलं तरी पुष्कळ. बोअर अन् टँकरचं मात्र तसं नाही. पेनासारखं टीडीएस मीटर माझ्याकडं आहे, कुणाला बघायचं असेल तर या. फक्त त्याच्यावर जंतू दिसत नाहीत, नायट्रेट-फ्लोराइडही नाही. आकडा कमी आला म्हणून पाणी निर्धास्त प्यायचं असं नाही.

सी-१०१ काका: लेकरा, एवढं शिकवलंस तर एक दिवस सगळ्यांच्या घरी ये की मीटर घेऊन.

ए-२०१: 🌍 पृथ्वी वाचवण्याचे २१ सोपे उपाय, शेवटपर्यंत वाचा...

सचिव (बी-३०१): फॉरवर्ड नको. ग्रुपचा नियम आहे.

ए-२०१: चांगलंच होतं हो, म्हणून टाकलं. जाऊ द्या. माझंच एक विचारते. कूलरच्या टाकीचं पाणी रोज काढून टाकावं लागतं का? आमचे हे रोज काढतात.

बी-२०४: रोज कशाला? पण आठवड्याला टाकी कोरडी करून घासा. डेंग्यूचा डास साठल्या पाण्यातच अंडी घालतो. काढलेलं पाणी संडासात वापरा, तेही खारट झालेलं असतं. पाणी उडतं, क्षार राहतात. जाळीवर पांढरं बसतं ते तेच.

सी-३०२ वहिनी: एक मुद्दा राहिला. सोलरचं गरम पाणी यायच्या आधी गार पाणी किती सोडतो आपण! तिसऱ्या मजल्यावर असून माझी निम्मी बादली जाते, काकूंचं तर पहिल्या मजल्यापर्यंत यायचं. मी ती बादली धरून ठेवते अन् त्यातच गरम मिसळते. रात्रीच बादली मोरीत ठेवली की विसरायला होत नाही.

ए-१०२ काकू: वहिनी, आमच्याकडं पहिली बादली पूर्ण गारच येते ओ. मी ती वॉशिंग मशीनला देते.

सचिव (बी-३०१): टाकीपासून खाली येणाऱ्या पाइपावर उष्णता धरणारं आवरण घालता येतं. मागं चौकशी केली होती, गच्चीवरचं जुनं आवरण उन्हानं फाटलंय. प्लंबर रविवारी सकाळी येणार आहे, त्यालाच दाखवतो.

सी-२०२: त्याचा खर्च पुन्हा मेन्टेनन्समधूनच ना?

सचिव (बी-३०१): मग काय खिशातून घालू?

सी-१०१ काका: भांडू नका. टँकर एक जरी कमी झाला तरी आवरणाचे पैसे वसूल.

बी-२०४: एक कशाला, नळांना जाळ्या बसवल्या तर आणखी. जाळीनं धारेत हवा मिसळते, पाणी कमी लागतं अन् हात धुताना फरक कळतही नाही. पण आपल्या पाण्यानं क्षार बसतो, महिन्या-दोन महिन्यांनी काढून लिंबाच्या रसात भिजवून घासावी लागते. तेवढं करायचं असेल तरच बसवा.

सचिव (बी-३०१): ज्यांना जाळी अन् आरओच्या नळीखाली डबा बसवून पाहिजे त्यांनी शनिवार रात्रीपर्यंत इथं फ्लॅट नंबर टाका. एकदमच करून घेऊ, मजुरी कमी पडेल.

ए-१०२
ए-३०३
सी-३०२ 🙏

सी-१०१ काका: माझाही. अन् सी-२०२ चाही लिहा, ते नंतर टाकतील.

सी-२०२: टाकतोय की काका, टाइप करायलोय.