लग्नाचं आमिष, फूस, भुरळ: भुलवणं गुन्हा कधी होतं?

तिरकस रेघ (धागाकर्ती)
कुठल्याही मराठी वर्तमानपत्राचं जिल्ह्याचं पान उघडा. 'लग्नाचे आमिष दाखवून...' ही बातमी सापडतेच. मुलगी पंधराची असो की बाई पस्तीसची, शब्द तेच. पंधराच्या मुलीबद्दल वाद नाही, तिथे सरळ गुन्हा आहे. पण पस्तीस वर्षांची, स्वतःच्या पगारावर जगणारी, चार-पाच वर्षं एखाद्यासोबत राजीखुशीने राहिलेली बाई गळाला लागलेला मासा कशी काय ठरते?

आपल्याकडे बाई 'फशी पडते' आणि पुरुष 'नादी लागतो'. ती फशी पडली तर तिला अक्कल नव्हती. तो नादी लागला तर ती बाईच तसली! दोन्हीकडे बोल तिलाच.

माझं म्हणणं असं: छान दिसणं, गोड बोलणं, समोरच्याला झुरायला लावणं यात सज्ञान माणसांपुरतं गैर काही नाही. जगातली निम्मी लग्नं तशीच जमलीत. असं असताना 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 69 आलं. लग्नाचं खोटं वचन देऊन किंवा फसवून शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बाईला स्वतःची इच्छा असू शकते हे सरकारला पटतच नाही का?

काळा कोट
कलम नीट वाचा. वचन देतानाच ते पाळायचं मनात नव्हतं, हे सिद्ध व्हावं लागतं. नंतर मन बदललं, घरचे आडवे आले, पत्रिका जुळली नाही, तर गुन्हा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात 2019 साली हे स्पष्ट केलंय. नातं कित्येक वर्षांचं होतं, पुढे जातीचं कारण निघालं आणि लग्न मोडलं. न्यायालयाने बलात्काराचा गुन्हा रद्द केला. वचन मोडणं वेगळं, मुळात खोटं वचन देणं वेगळं. शिवाय बाईचा निर्णय त्या खोट्या वचनामुळेच झाला, हेही दिसावं लागतं. कलम 69 मध्ये नोकरी-बढतीचं खोटं आश्वासन आणि ओळख लपवून केलेलं लग्नही येतं. कुणी अत्तर लावून आला म्हणून आत जात नाही, निश्चिंत असा.

तुम्हाला रागच काढायचा असेल तर कलम 84 वर काढा. दुसऱ्याच्या बायकोला अनैतिक संबंधांसाठी भुलवून नेलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. हे जुन्या 1860 च्या संहितेतलं कलम 498. व्यभिचाराचं 497 न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केलं, पण त्याचं हे भावंड नव्या संहितेतही शाबूत राहिलं. ती स्वखुशीने गेली, हा बचाव इथे चालत नाही, असं न्यायालयाने पन्नासच्या दशकातच म्हटलंय. म्हणजे गुन्हा नवऱ्याविरुद्ध. गोठ्यातली गाय सोडून नेल्यासारखा.

तिरकस रेघ
84 बद्दल एकदम सहमत. पण 69 मध्ये 'वचन देताना मनात काय होतं' हे ठरवणार कोण? पोलीस स्टेशनातला हवालदार? तोवर बाई रडतेय, पोरगा आत, आणि दोन्हीकडचे नातेवाईक चावडीवर तडजोडीचा आकडा ठरवतायत.

पाणंद
रेघताई, हे शहरातून सुचलेलं वाटतं. आमच्या तालुक्यात असा माणूस कसा वागतो ते सांगते. आधी घरी यायला लागतो. तिच्या आईला 'मावशी' म्हणतो. धाकट्या भावाला मोबाईल घेऊन देतो. गावजेवणाला पंगतीत वाढायला उभा राहतो. 'यंदा ऊस गेला की बोलणी करू' म्हणतो. ऊस जातो, बोलणी होत नाहीत, पुढचा हंगाम उजाडतो. त्याची सोयरीक दुसरीकडे सहा महिन्यांपूर्वीच ठरलेली असते. याला 'छान बोलणं' म्हणायचं? मोडलं तर त्याचं जमून जातं, तिला मात्र बिजवर शोधावा लागतो. दोघांना सारखंच गमवायचं असेल तरच तो खेळ.

मोहिनीराज
नेवाशाचा आहे, त्यामुळे बोलायचा हक्क घेतो. आमच्या गावात मोहिनीराजाचं देऊळ आहे. अमृत वाटताना दानवांना भुलवणाऱ्या विष्णूच्या रूपाचं. देवाने भुलवलं की देऊळ, अप्सरेने भुलवलं की शाप! मेनकेने विश्वामित्राचं तप मोडलं, तिला त्याने जाऊ दिलं. नंतर रंभा आली, तिची शिळा करून टाकली. दोघींना पाठवणारा इंद्र एकच होता, आणि त्याच्यावर ओरखडासुद्धा नाही.

पाणंद
मेनकेच्या लेकीचं काय झालं तेही सांगा की! महाभारतातली शकुंतला अट घालते: माझा मुलगाच राजा होणार असेल तर. दुष्यंत 'हो' म्हणतो, गांधर्वविवाह होतो. ती मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा हा तिला ओळखतच नाही, आणि सगळं आठवत असूनही ओळखत नाही. तिथे अंगठी नाही, दुर्वासाचा शापही नाही, ते कालिदासाच्या नाटकात आलं. शाप आला की राजाचा दोष गेला. आजही वर्तमानपत्रं असाच शाप शोधून देतात, 'घरच्यांचा विरोध' म्हणून.

तिरकस रेघ
पण महाभारतातली शकुंतला 'मी फशी पडले' म्हणते का? भर दरबारात राजाला खोटारडा ठरवते. माझं म्हणणं तेच आहे. तिला बावळट ठरवल्याशिवाय न्याय का मिळू नये?

पाणंद
कलम 69 तिला बावळट ठरवत नाही, त्याला खोटा ठरवतं. बावळट तुमचं वर्तमानपत्र ठरवतं. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

ढोलकीवाला
बैठकीची लावणी पाहिली असेल त्याला हा वाद सोपा जाईल. बाई एका जागी बसून नुसत्या अदेवर माणसाला घायाळ करते. तिला माहीत असतं, त्यालाही माहीत असतं. फसवाफसवी काही नाही, दोघं जाणते. यात शिव्या देण्यासारखं काय आहे?

फडावरची नात
ढोलकीवाले, बैठक संपल्यावरचं तुम्ही पाहिलेलं नाही. अदा तिची होती, पण दौलतजादा त्याचा होता. 'तुला घर बांधून देतो, फड सोड' हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्यांनी ऐकलंय. कुणी पाटील, कुणी सावकार. तिच्या अदेला सगळे भुरळ म्हणाले. त्याच्या घर बांधून देण्याला कुणी भुरळ म्हणालं नाही. त्याला 'ठेवणं' म्हणाले, आणि तो शब्दही पुन्हा तिलाच चिकटला.

काळा कोट
आणि अशा केसमध्ये पुरावा काय असणार? घराचा कागद त्याच्याच नावावर.

तिरकस रेघ
मग तुम्हीच सांगा, वकीलसाहेब. फडावरच्या आजीला 69 लागू झालं असतं का? वचन लग्नाचं नव्हतंच, घराचं होतं.

काळा कोट
'फसवून' हा शब्द कलमात लग्नाच्या वचनापासून वेगळा आहे, आणि नोकरी-बढती ही त्याची उदाहरणं आहेत, पूर्ण यादी नाही. त्यामुळे घराचं खोटं वचन बसवता येईल. पण तो लढेल. 'मला खरंच द्यायचं होतं, भावकीने अडवलं' म्हणेल.

फडावरची नात
म्हणेल काय, म्हणालाच होता.