‘स्वयंनिर्मित मेनू’ नेमका कुणी केलेला?

प्रश्न, भुसावळहून

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर मी लिनक्स आणि त्यावर ओपनबॉक्स हा हलका विंडो मॅनेजर (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम) बसवला असून विद्यार्थ्यांसाठी चार पानांची मराठी माहितीपत्रिका लिहीत आहे. ओपनबॉक्समध्ये पडद्याच्या रिकाम्या जागी माउसचे उजवे बटण दाबले की मेनू उघडतो. हा मेनू एका एक्सएमएल फाइलीत लिहिलेला असतो, त्यामुळे नवा प्रोग्रॅम बसवला तरी त्याचे नाव त्या फाइलीत कुणी घातल्याखेरीज तो मेनूत येत नाही. ही कटकट टाळण्यासाठी, बसवलेले प्रोग्रॅम शोधून मेनू लिहून देणारी साधने आहेत. अशा साधनाने केलेल्या मेनूला मी पत्रिकेत ‘स्वयंनिर्मित मेनू’ म्हटले. परवा एका विद्यार्थ्याने तासभर खपून ती फाइल हाताने लिहिली आणि मला बोलावून म्हणाला, “सर, स्वयंनिर्मित मेनू झाला.” चूक त्याची नव्हती. मग योग्य शब्द कोणता?

अमळनेरहून

सर, विद्यार्थ्याने शब्दाचा अर्थ बरोबरच लावला. मराठीत ‘स्वयं’ दोन अर्थांनी चालतो. ‘स्वयंसेवक’, ‘स्वयंरोजगार’, ‘स्वयंपाक’ या शब्दांत माणूस स्वतः काही करतो. ‘स्वयंभू’मध्ये मात्र कुणीच काही करत नाही, वस्तू आपली आपण प्रकटते. एरंडोलजवळच्या पद्मालयातील गणपतीच्या दोन मूर्ती स्वयंभू मानल्या जातात, म्हणजे त्या कुणा कारागिराने घडवल्या नाहीत अशी श्रद्धा आहे. ‘निर्मित’ हा शब्द तर कर्ता मागणारच, आणि ‘स्वयं’ शेजारी बसला की वाचक त्या जागी स्वतःला बसवतो. ‘स्वरचित कविता’ म्हटल्यावर ती कविता आपोआप झाली असे कुणाला वाटते का?

‘स्वयंचलित मेनू’ हा पर्यायही मला पटत नाही. आमच्याकडे केळीच्या बागेला रात्री पाणी द्यायचे असते, म्हणून शेतकरी विहिरीवरच्या मोटरीला ‘ऑटो’ बसवतात. वीज आली की शेतात कुणी नसतानाही मोटर सुरू होते. ते खरे स्वयंचलित, कारण तेथे चालण्याची क्रिया आहे. मेनू काही चालत नाही, तो तयार होतो आणि बटण दाबेपर्यंत गप्प बसतो. माझ्या मते ‘आपोआप तयार होणारा मेनू’ असे सरळ लिहावे. ‘आपोआप’ हा शब्द बोलीतला म्हणून पत्रिकेत शोभत नाही, असे काही जण म्हणतील. त्यांचे ऐकू नये. ‘आपसूक’ मात्र टाळावा, कारण त्यात काही न करता पदरात पडल्याची छटा आहे.

धुळ्याहून

ताईंचे ‘स्वयं’बद्दलचे म्हणणे मान्य, पण ‘आपोआप’ने एक गोष्ट झाकली जाते. आज्ञा कुणीतरी दिल्याशिवाय ते साधन काहीच करत नाही. भेद माणूस आणि यंत्र यांच्यातला आहे, आणि तो सांगण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे: हातमाग आणि यंत्रमाग. त्या धर्तीवर ‘हस्तलिखित मेनू’ आणि ‘यंत्ररचित मेनू’ म्हणावे. ‘रचणे’मध्ये उतरंड रचण्यासारखा क्रमाचा अर्थही येतो, आणि मेनूत तो हवाच.

भुसावळहून

‘यंत्ररचित’ आवडला, भाऊ. पण साधनांची रीतच वेगवेगळी असल्याने एका शब्दाने भागत नाही. पायथन या संगणकभाषेत लिहिलेले मेनूमेकर हे साधन संगणक धुंडाळून ओळखीचे प्रोग्रॅम शोधते आणि ओपनबॉक्स, फ्लक्सबॉक्स, आइसडब्ल्यूएम अशा विंडो मॅनेजरांपैकी आपण सांगू त्याच्या लिपीत फाइल लिहून मोकळे होते. फाइल पुढे तशीच राहते. नवा प्रोग्रॅम बसवला की पुन्हा आज्ञा द्यावी लागते. पर्ल या संगणकभाषेतले ओबीमेनू-जनरेटर तशी फाइल तर लिहितेच, पण दुसराही मार्ग देते: ओपनबॉक्सच्या ‘पाइप मेनू’ सोयीमुळे मेनू उघडताना ते साधन चालते आणि यादी त्याच क्षणी बनते. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात तिसरी तऱ्हा होती, जिथे पॅकेज (बसवण्यासाठी बांधून दिलेला प्रोग्रॅम) बसवले किंवा काढले की ‘अपडेट-मेनूज’ ही आज्ञा सर्व विंडो मॅनेजरांचे मेनू पुन्हा लिहीत असे. 2015 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने ‘डेस्कटॉप’ फाइल (प्रोग्रॅमचे नाव व गट सांगणारी छोटी फाइल) देणाऱ्या पॅकेजांनी त्या जुन्या पद्धतीची मेनू-फाइल देऊ नये, असा निर्णय दिला.

शहाद्याहून

घरातलेच शब्द घ्या. एकदा लिहून ठेवलेला मेनू म्हणजे उन्हाळ्यात घालून डब्यात भरलेले पापड-कुरडया: चटकन हाताशी येतात, पण डब्यात जे आहे तेच मिळते. पाइप मेनू म्हणजे तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी. ती ताजी, पण तवा तापेपर्यंत थांबावे लागते. जुन्या संगणकावर ही थांबण्याची वेळ जाणवते, म्हणून हा भेद शब्दांतही दिसला पाहिजे. मी ‘साठवणीचा मेनू’ आणि ‘ताजा मेनू’ म्हणेन. (जनरेटरला कुणी ‘मेनू-जनित्र’ सुचवण्याआधीच सांगतो, भारनियमनात दिवस काढलेल्या माणसाला त्या शब्दाला डिझेलचा वास येईल.)

अमळनेरहून

भाकरीवरून आठवले, मेनू या शब्दाला आपण हात लावू नये. फ्रेंचमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘बारीक, तपशीलवार’. पदार्थांचा तपशील म्हणून तो खाणावळीत आला. ‘यादी’ फारसी ‘याद’वरून आली, म्हणजे विसरू नये म्हणून लिहून ठेवलेली. किराण्याच्या यादीतले सगळेच आणायचे असते, आणि लग्नाच्या याद्या झाल्यावर तर त्यातले एक कलमही गाळता येत नाही. ‘सूची’ पुस्तकाच्या शेवटी पाने शोधायला. यांपैकी एकाही शब्दात ‘यातले एक निवडा’ हा अर्थ नाही, तो फक्त मेनूत आहे, आणि “आजचा मेनू काय?” हे घराघरात विचारले जाते.

भुसावळहून

मजकूर आता असा केला आहे: “मेनू हाताने लिहिता येतो किंवा साधनाकडून रचून घेता येतो. यंत्ररचित मेनू दोन प्रकारचा असतो. साठवणीचा मेनू नवा प्रोग्रॅम बसवल्यावर पुन्हा रचावा लागतो. ताजा मेनू प्रत्येक वेळी उघडतानाच रचला जातो.”

एक प्रश्न उरला आहे. ओबीमेनू-जनरेटर प्रोग्रॅमांची नावे व गट ज्या ‘डेस्कटॉप’ फाइलींतून उचलते, त्यांत नावाच्या ओळीसोबत निरनिराळ्या भाषांतल्या नावांच्या ओळी असू शकतात, आणि गटांची नावे ‘ऑफिस’, ‘ग्राफिक्स’, ‘युटिलिटी’ अशी ठरलेली असतात. ‘युटिलिटी’ला मी ‘उपयुक्तता’ लिहिले होते, तर तोच विद्यार्थी विचारतो, “बाकीचे प्रोग्रॅम निरुपयोगी आहेत का सर?”

धुळ्याहून

‘किरकोळ साधने’ लिहा. कॅल्क्युलेटर आणि मजकूर-संपादक तिथेच असतात.