एकच नेटवर्किंग लायब्ररी, पाच प्रोजेक्ट, चार प्लॅटफॉर्म... कसं सांभाळता तुम्ही लोक?

डेकनचा_डेव्ह:
मंडळी, जरा अडकलोय. ऑफिसात आमची एक नेटवर्किंग लायब्ररी आहे, सी प्लस प्लसमधली, आत लिबकर्ल (एचटीटीपी वगैरेसाठीची तयार ओपन सोर्स लायब्ररी) आणि वर आमचा थर म्हणजे रिट्राय, क्यू, टोकन रिफ्रेश वगैरे. सुरुवातीला फक्त विंडोजच्या बिलिंग सॉफ्टवेअरसाठी लिहिली होती, मग लिनक्स गेटवे बॉक्सवाल्यांनी उचलली, मग अँड्रॉइड, मग आयओएस, आणि आता पाच प्रोजेक्ट वापरतात नि सांभाळायला मी आणि एक ज्युनियर. प्रत्येकाने आपापल्या रेपोत कॉपी मारून ठेवलीय, कुणी चार ओळी बदलल्यात कुणी चारशे, त्यामुळे एक बग पाचदा फिक्स करायचा.

मागच्या महिन्यात ठरवलं की बास, आता एकच कॉपी, आम्ही बिल्ड करून देणार आणि बाकीच्यांनी फक्त लिंक करायचं. पहिल्याच रिलीजला बिलिंग आपटलं. त्यांनी फक्त डीएलएल (म्हणजे आमची बिल्ड केलेली लायब्ररी) बदलली, एक्सई (त्यांचा मुख्य प्रोग्राम) जुनीच (३२ बिट आहे अजून, हसू नका). आमच्या मशीनवर सगळं चालतं, त्यांच्याकडे पहिल्या रिक्वेस्टलाच ॲक्सेस व्हायोलेशन (नको त्या मेमरीला हात लावल्याचा क्रॅश), पत्ता दर वेळी तोच, ००००७५३०. मी फक्त ऑप्शन्सच्या स्ट्रक्टमध्ये (मेमरीत एकाखाली एक ठेवलेल्या फील्डांचा गठ्ठा) प्रॉक्सीचा एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) वाढवला होता, यूआरएलच्या खाली, टाइमआउटच्या वर, एका जागी बरं दिसतं म्हणून.

शिवाय गेटवेवाल्यांच्या बॉक्सवर लोडच होत नाही, जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३४ सापडत नाही म्हणतं. बॉक्सवर उबंटू २०.०४ आहे, आमचं बिल्ड मशीन २२.०४.

आता मॅनेजर म्हणतोय जुनं कॉपीचंच बरं होतं. काय सांगू त्याला?

विंडोजवाली:
तुमचा डिफॉल्ट टाइमआउट ३० सेकंद आहे का हो? आणि मिलिसेकंदात ठेवता का? विंडोजचा कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडमध्ये टाका आणि हेक्समध्ये ७५३० टाइप करा. डेसिमलमध्ये ३०००० येईल.

जुन्या एक्सईला माहितीये की यूआरएलच्या लगेच खाली टाइमआउट असतो, ती बिचारी तिथे ३०००० लिहून मोकळी होते. नवी डीएलएल त्याच जागी प्रॉक्सीचा पॉइंटर शोधते आणि ३०००० हाच पत्ता समजून वाचायला जाते. तुमच्या मशीनवर दोन्ही नव्या हेडरने (स्ट्रक्टची मांडणी सांगणारी फाइल) बिल्ड झालेलं असणार म्हणून चालतं. कोडमध्ये बग शोधत बसू नका, तो हेडरमध्ये आहे.

एक तर स्ट्रक्ट बाहेर दाखवूच नका, नुसतं हँडल (आतलं काही न दाखवणारी खूण) द्या आणि ऑप्शन सेट करायला फंक्शन. नाहीतर विन३२ मध्ये असतं तसं पहिलं फील्ड स्ट्रक्टच्या साइजचं ठेवा आणि नवीन काहीही आलं तरी शेवटी चिकटवा, मध्ये कधीच नाही. मी पहिलं करते. आणि डीएलएलच्या तोंडावर सी प्लस प्लसचं एसटीडी स्ट्रिंग, व्हेक्टर असलं काही असेल तर तेही काढा, बाहेर निव्वळ सी ठेवा. मेमरी डीएलएलने घेतली असेल तर सोडायचं फंक्शनही डीएलएलनेच द्यायचं, दोघांचा रनटाइम वेगळा निघाला तर हीप (मेमरी जिथून घेतात ती जागा) वेगळा असतो आणि मग असं क्रॅश होतं की आठवडा जातो. (माझा गेलाय. दिवाळीच्या आधीचा.)

पोर्ट८०८०:
विंडोजवाली ताईंनी मुद्द्याचं सांगितलंय. भर म्हणून एवढंच, तुमच्या पोटात जी लिबकर्ल आहे तिच्याकडेच बघा ना. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये ७.१६.० आली तेव्हा लिनक्सवर तिचा एसओ नंबर (जुने प्रोग्राम मोडतील असा बदल झाला की वाढणारा आकडा) ४ झाला तो आजही ४ च आहे, मधे मेजर व्हर्जन ८ झालं तरी. शेकडो ऑप्शन वाढले पण सगळे एकाच सेटऑप्ट फंक्शनमधून, नवा ऑप्शन म्हणजे नवा आकडा, जुन्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. आणि जिथे स्ट्रक्ट द्यावाच लागला, म्हणजे व्हर्जनची माहिती देणारा, तिथे एक एज नावाचं फील्ड आहे, त्यावरून कळतं की कुठपर्यंतची फील्डं वाचायला सेफ. हे चोरा बिनधास्त.

जीलिबसीचं सरळ आहे. नव्यावर बिल्ड केलेलं जुन्यावर चालत नाही, उलटं चालतं. २.३४ मध्ये पीथ्रेडची म्हणजे थ्रेडची लायब्ररी मेन लिबसीत घेतली म्हणून साधं थ्रेड बनवणारं फंक्शनसुद्धा २.३४ मागतं. २०.०४ वर २.३१ आहे. तेव्हा तुमच्या ग्राहकांत सगळ्यात जुना जो असेल त्याच्या कंटेनरमध्ये (त्या जुन्या सिस्टीमचं वेगळं बंदिस्त वातावरण) बिल्ड करा, तुमच्या लॅपटॉपवर काय आहे ते सोडा.

आणि सिगपाइप नावाचा सिग्नल बघितलाय का? समोरच्याने कनेक्शन तोडलं आणि तुम्ही त्यात लिहायला गेलात की अख्खी प्रोसेस गुपचूप मरते, लॉग नाही काही नाही. लिनक्सवर सेंड करताना नोसिग्नलचा फ्लॅग, मॅक आणि आयओएसवर सॉकेटलाच ऑप्शन लावायचा, विंडोजवर हा प्रकारच नाही. असल्या गोष्टी चार प्रोजेक्टनी चार प्रकारे करून ठेवलेल्या असतात, म्हणूनच तर कॉपी नको. मॅनेजरला हे सांगा.

ठेचा_आणि_थ्रेड:
माझं थोडं उलटं मत आहे भाऊ, रागावू नका. चारही प्लॅटफॉर्मवर एकच लायब्ररी कशाला पाहिजे? विंडोज आणि लिनक्सला ठीक. पण मोबाइलवर तुम्ही लिबकर्ल आणि ओपनएसएसएल (एन्क्रिप्शन आणि सर्टिफिकेट तपासणारी लायब्ररी) घेऊन जाता म्हणजे जे फुकट मिळत होतं ते सोडून देता.

आयओएसवर ॲप मागे गेलं की काही वेळात झोपवतात, ॲपलच्या स्वतःच्या यूआरएलसेशनचं बॅकग्राउंड ट्रान्सफर तरी चालू राहतं कारण ते सिस्टीम करते, तुमचं सॉकेट नाही राहत. अँड्रॉइडवर सर्टिफिकेटचं बघा. कंपनीने फोनमध्ये आपलं रूट सर्टिफिकेट टाकलं, मॅनिफेस्टमधून नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग लावलं, जावावाल्या स्टॅकला ते कळतं, तुमच्या सोबत आलेल्या ओपनएसएसएलला घंटा कळत नाही. रूट सर्टिफिकेटचा फोल्डर हार्डकोड केला असेल तर अँड्रॉइड १४ पासून सिस्टीम ती दुसरीकडून, अपडेट होणाऱ्या मॉड्यूलमधून घेते. वरून आता प्ले स्टोअर १६ केबी मेमरी पेजचा सपोर्ट मागतंय, म्हणजे सगळ्या नेटिव्ह लायब्रऱ्या परत बिल्ड करा. ॲपलकडेही तेच, तिथला सिक्युअर ट्रान्सपोर्टचा (ॲपलची जुनी टीएलएस म्हणजे एन्क्रिप्शनची लायब्ररी) बॅकएंड २०२५ मध्ये लिबकर्लने काढूनच टाकला, त्याला टीएलएस १.३ कधी आलंच नव्हतं.

आम्ही काय केलं, तर रिट्रायचे नियम, क्यू, टोकन हे सगळं कॉमन ठेवलं आणि खाली फक्त एक छोटा इंटरफेस, रिक्वेस्ट घे आणि रिस्पॉन्स दे. खाली आयओएसवर यूआरएलसेशन, अँड्रॉइडवर ओकेएचटीटीपी (तिथली नेहमीची एचटीटीपी लायब्ररी), बाकी ठिकाणी कर्ल. जेएनआयचा (जावा आणि सी प्लस प्लस जोडणारा पूल) ताप आहे, नाही म्हणत नाही, पण सर्टिफिकेटच्या तक्रारी जवळपास बंद झाल्या.

विंडोजवाली:
@ठेचा_आणि_थ्रेड हे पटतं, पण दोन माणसांच्या टीमला तीन ट्रान्सपोर्ट म्हणजे तिघांच्या टाइमआउटचे अर्थ वेगळे. कर्लचा टाइमआउट पूर्ण रिक्वेस्टचा, ओकेएचटीटीपीचा रीड टाइमआउट दोन वाचनांमधला. तोच ३०००० दोन्हीकडे दिलात तर एक ३० सेकंदांत तोडेल आणि दुसरा थेंब थेंब डेटा येतोय तोवर बसून राहील. टेस्ट कॉमन पाहिजेत, एकच खोटा सर्व्हर आणि तेच प्रश्न सगळ्यांना.

डेकनचा_डेव्ह:
ताई, खरंच ३०००० निघाला!! ज्युनियर पोराला बोलावून कॅल्क्युलेटर दाखवला, तो पाच मिनिटं नुसता हसत होता. हँडलवाला बदल सुरू केलाय. लिनक्सचं बिल्ड २०.०४ च्या कंटेनरमध्ये टाकलं, लगेच लोड झालं. मोबाइलचं ठेचाभाऊंचं म्हणणं टीमपुढे ठेवतो, अँड्रॉइडवाले तर उड्याच मारतील. मॅनेजरला सिगपाइपचं सांगितलं, त्याला कळलं नाही पण पाच ऐवजी एकदा फिक्स हे कळलं.

आता पाचही कॉप्यांचे डिफ काढतोय. गेटवेवाल्यांच्या कॉपीत सुरुवातीलाच ५ सेकंदांचा स्लीप आहे, वर कॉमेंट "काढू नये". लिहिणारा केव्हाच सोडून गेला. कुणाला काही अंदाज?

पोर्ट८०८०:
बॉक्सला डोंगल आहे का फोरजीचा? आणि कॉपी किती जुनी?

डेकनचा_डेव्ह:
डोंगलच. २०१५ ची आहे.

पोर्ट८०८०:
मग डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं) असणार असं माझं मत. डोंगल उठून रिझॉल्व्ह कॉन्फ या फाइलमध्ये डीएनएस सर्व्हर लिहिला जायच्या आधी तुमची प्रोसेस सुरू झाली तर जुना जीलिबसी ती रिकामी फाइल एकदाच वाचायचा आणि नंतर परत बघायचाच नाही, रीस्टार्ट करेपर्यंत नाव सापडत नाही. २.२६ पासून फाइल बदलली की तो आपणहून परत वाचतो. तुमच्याकडे २.३१ आहे म्हणजे स्लीप बहुतेक नकोय आता. पण एकाच बॉक्सवरून काढा, तोही असा निवडा की जिथे गाडी काढून जाता येईल.