रायझन ५ ५५०० + आरएक्स ६६०० : या यादीत कुठे कापू, कुठे वाढवू?

प्रश्न:
गेमिंगसाठी पीसी जोडायचा आहे. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्‌झ, तोच राहील. यादी: रायझन ५ ५५०० प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० रॅमची १६ जीबीची एकच स्टिक, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड (८ जीबी), ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, कॅबिनेटसोबत येणारा ६०० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा). बजेट वाढणार नाही. काय बदलू?

प्रतिसाद १:
आधी तो एसएमपीएस काढा. वरचा ६०० आकडा सोडा, बाजूचं स्टिकर वाचा: १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत? २५ असतील तर १२ × २५ = ३०० वॉट, आणि प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात, ५५०० चा टीडीपी (उष्णतेवरून ठरवलेला वीजवापराचा अंदाज) ६५ वॉट. चांगल्या कंपनीचा खरा ४५० वॉटचा पुरतो, ५५० घेतलात तर पुढच्या कार्डालाही चालेल. ८० प्लस ब्रॉन्झ म्हणजे फक्त कार्यक्षमता. शॉर्ट सर्किट आणि ओव्हरलोडचं संरक्षण आहे का ते वेगळं तपासा. पैसे काचेच्या, आरजीबीवाल्या कॅबिनेटमधून कापा. ग्राफिक्स कार्डाला हात लावू नका.

प्रतिसाद २:
रॅम एकच स्टिक नको, ८+८ घ्या. एका स्टिकवर एकच चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधला मार्ग) चालतो, दोनवर दोन. ३२०० च्या एका चॅनलला २५.६ जीबी प्रति सेकंद मिळतात, दोन चॅनलला ५१.२. ५५०० चा एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) १६ एमबी, रायझन ५ ५६०० च्या निम्मा, त्यामुळे त्याला रॅमकडे जास्त धावावं लागतं. एका स्टिकवर सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बरे दिसले तरी गर्दीच्या सीनमध्ये झटके बसतात. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरा. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर अनेकदा रॅम २१३३ किंवा २६६६ वरच रेंगाळते आणि कळतही नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर स्पीड बघून खात्री करा.

प्रश्नकर्ता:
रॅम आणि एसएमपीएस बदलतो. ए५२० वर पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसर जोडणारा मार्ग) ३.० च आहे, नवा ४.० नाही, त्याने कार्ड अडेल का?

प्रतिसाद ३:
४.० चा बी५५० बोर्ड घेतलात तरी ५५०० स्वतःच ३.० चा आहे, त्यामुळे फक्त बोर्ड बदलून उपयोग नाही. आरएक्स ६६०० पीसीआयईच्या आठच लेन (समांतर वाटा) वापरतं, तरी ७५ हर्ट्‌झला फरक जाणवणार नाही. ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की मात्र टेक्श्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) रॅममधून याच लेनवरून येतात आणि गेम अडखळतो. तेव्हा टेक्श्चर एक पायरी खाली आणा. पैसे वाचवायला स्वस्तातल्या आरएक्स ६५०० एक्सटी कार्डाकडे वळू नका: चार लेन, ४ जीबी, ३.० वर त्याची फार ओढाताण होते.

प्रतिसाद १:
जोडताना दोन गोष्टी. ५५०० मध्ये ग्राफिक्स नाही, म्हणून मॉनिटरची केबल कार्डातच लावा, बोर्डाच्या एचडीएमआयवर चित्र येणार नाही. आणि प्रोसेसरची ४+४ आणि कार्डाची ६+२ पिनची केबल दोन्ही आठ पिनांच्याच, पण त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. जोर लावावा लागला तर केबल चुकीची आहे. थांबा आणि कनेक्टरवर सीपीयू छापलंय की पीसीआयई ते वाचा. बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर बायोस ५५०० ओळखणारा आहे ना, हे घेण्याआधीच विचारा.